नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचे काय बिघडते?

बंद पडलेली मोटरसायकल आणि बंद ठेवलेली मोटरसायकल यांत मोठा फरक आहे. रस्त्यात धावता धावता गाडी बंद पडली, तर तिच्यात काहीतरी तुटले, जळाले, सुटले किंवा संपले असे धरून चालावे लागते. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-तीन महिने कव्हराखाली उभी असलेली गाडी किक मारमारूनही सुरू होत नाही, तेव्हा तिच्याविषयी एक गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते. ती तिथे आली ती स्वतःच्या इंजिनाच्या बळावर आली होती. त्या दिवशी तिचा पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, इग्निशन कॉइल सगळे जागच्या जागी आणि धडधाकट होते. उभ्या गाडीचा पिस्टन झिजत नाही, चेन ताणली जात नाही, गिअरचे दात पडत नाहीत. मग तेव्हापासून आजपर्यंत बदलले काय? बदलली ती रसायने. बॅटरीतले शिसे आणि आम्ल, कार्बोरेटरमध्ये साचून राहिलेले पेट्रोल, आणि दमट हवेने धातूच्या जोडांवर चढवलेला गंज, एवढ्या तीन ठिकाणांखेरीज उभ्या गाडीत काळाला हात घालायला फारशी जागाच नसते. म्हणून तिचा दोष शोधताना सुरुवात यंत्रापासून न करता रसायनापासून करावी, हे या प्रकरणाचे म्हणणे आहे. म्हणणे साधे आहे, पण बहुतेक ठिकाणी घडते ते उलटे. आधी किकवर घाम गाळला जातो, मग ‘इंजिनात काहीतरी गेलंय’ असा निर्णय होतो, आणि जे पहिल्या पाच मिनिटांत पाहायला हवे होते ते पाहायचे राहून जाते.

या विधानाची परीक्षा आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि काल-परवापर्यंत रोज धावणाऱ्या असंख्य दुचाकी एकाच दिवशी जागच्या जागी थांबल्या. ऐन उन्हाळ्याचे दोन-सव्वादोन महिने त्या तशाच उभ्या होत्या. ना कोणी त्या चालवल्या, ना कोणी त्यांना हात लावला. त्यांच्यात जो काही बदल झाला तो नुसत्या वेळेने केला. योगायोग असा की त्याच सुमारास, १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार होऊन त्याच्या जागी फ्यूएल इंजेक्शन आले. आज आपल्या रस्त्यांवर या दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी धावतात. उभे राहण्याचा आजार दोघींनाही होतो, पण एकीचा जीव मुख्यतः पेट्रोलात अडकतो आणि दुसरीचा बॅटरीत. हा फरक ध्यानात न घेता जुन्या गाडीचे उपाय नव्या गाडीवर केले जातात, आणि त्यातून बराच गोंधळ होतो.

रसायनाकडे वळण्याआधी एक हसण्यासारखी तपासणी उरकून घ्यावी. उजव्या मुठीजवळचे लाल बटण, म्हणजे किल स्विच, कव्हर ओढता-काढताना सहज बंद होतो. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांनाही तो फार आवडतो. बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. काहींना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, स्कूटरला ब्रेक दाबावा लागतो. कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद केलेला असतो आणि बंद करणारा ते विसरलेला असतो. हे सगळे पाहायला अर्धे मिनिट लागते, आणि हे न पाहता गाडी टेम्पोत घालून गॅरेजला नेणारे लोक कमी नाहीत.

आता बॅटरी. शिसे आणि आम्लाची ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. ती वीज देते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमत जाते. चार्ज केली की ते विरघळून पट्ट्या पूर्ववत होतात. अडचण अशी की बॅटरी वापरली नाही तरी ही क्रिया आतल्या आत हळूहळू चालूच असते. पाणी घालावे लागणाऱ्या जुन्या धाटणीच्या बॅटरीचा साधारण पाच टक्के चार्ज महिनाभरात असाच उडून जातो. सीलबंद बॅटरीचा त्याहून कमी जातो. हा आकडा पंचवीस अंश तापमानाचा आहे. तापमान दहा अंशांनी चढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी आणि महाबळेश्वरला उभी असलेली गाडी यांचे दिवस सारखे मोजता येत नाहीत. त्यात गाडीचे स्वतःचे चोरखर्च असतात: घड्याळ, डिजिटल मीटर, अलार्म, जीपीएस ट्रॅकर. समजा हे सगळे मिळून फक्त दोन मिलिॲम्पिअर ओढतात. दिवसाचे झाले सुमारे ०.०५ ॲम्पिअर-अवर. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची बॅटरी तीन ते पाच ॲम्पिअर-अवरची असते. चारची धरली, तर साठ दिवसांत त्यातले जवळजवळ तीन नुसत्या घड्याळ-मीटरने खाल्ले. किल्ली खिशात असताना.

बॅटरी उतरली हे ओळखण्यासाठी हॉर्न वाजवून पाहण्याची पद्धत आहे, आणि तीच फसवते. हॉर्नला दोन-तीन ॲम्पिअर पुरतात. सेल्फला त्याच्या कितीतरी पट लागतात. साध्या मल्टिमीटरने खरे चित्र कळते. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या टोकांवर १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते, मग ठीकच आहे’ हा समज किती चुकीचा आहे ते यावरून दिसेल. मीटरची टोके तशीच लावून ठेवून सेल्फ दाबा आणि आकडा किती खाली जातो ते पाहा. दहाच्या आसपास टिकला तर बॅटरीत दम आहे. आठ-सातवर कोसळला तर नाही. सेल्फ दाबल्यावर येणारा ‘कट-कट-कट’ आवाजही हेच सांगतो. रिले लागतो, मोटर वीज ओढते, व्होल्टेज कोसळते, रिले सुटतो, ओझे गेल्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर येते, रिले पुन्हा लागतो. त्या आवाजाला ‘सेल्फ मोटर गेली’ असे निदान देऊन मोटर खोलणे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही घालवणे. हाच परिणाम गंजलेल्या टर्मिनलमुळेही होतो, म्हणून पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी ती कोमट पाण्याने आणि ब्रशने साफ करून जोड घट्ट करावेत.

उतरलेली बॅटरी चार्ज केली की काम झाले, असे मात्र नेहमी होत नाही. लेड सल्फेटचे कण ताजे असतात तेव्हा बारीक असतात आणि चार्जिंगने विरघळतात. बॅटरी उतरलेल्या स्थितीतच कित्येक आठवडे पडून राहिली तर ते कण मोठे आणि टणक होतात. मग कितीही वेळ चार्जर लावला तरी पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अशी बॅटरी चार्जरवरून काढल्यावर १२.६ दाखवते आणि सेल्फ दाबताच मान टाकते. म्हणून चार्ज करून झाल्यावर काही तास तशीच ठेवून मग मोजावे, आणि निकाल सेल्फ दाबून द्यावा. चार्जिंगही हळूच हवे: चार ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला अर्ध्या ॲम्पिअरच्या आत, दहा-बारा तास. मोटारीच्या बॅटरीचा दांडगा चार्जर या छोट्या जिवाला लावला तर उरलेसुरले आयुष्यही जाते.

पेट्रोलकडे वळताना एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा, तो म्हणजे पेट्रोल हा एकच पदार्थ आहे हा. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक तीस-पस्तीस अंशांलाच उकळू लागतात आणि जड घटक दोनशे अंशांच्या पलीकडे जातात. गरम इंजिनात सगळेच वाफ होऊन जळते. थंड इंजिनात मात्र पहिल्या ठिणगीच्या वाट्याला येते ती फक्त हलक्या घटकांची वाफ. चोक ओढायचा तो याचसाठी: हवा कमी करून पेट्रोल जास्त सोडले की त्यातल्या हलक्या भागाची वाफ ठिणगीपुरती तरी होते. आता कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या वाटीची, म्हणजे फ्लोट चेंबरची, अवस्था पाहा. त्यात थोडेसेच पेट्रोल असते आणि ती वाटी एका बारीक नळीने बाहेरच्या हवेला उघडी असते. काही आठवड्यांत तिच्यातले हलके घटक उडून जातात. मागे उरते ते पेट्रोल दिसायला पेट्रोलच असते, पण थंड इंजिनाला ते पेटवता येत नाही. त्यानंतर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा चिकट राळेसारखा थर बनू लागतो. म्हणजे टाकीतले पेट्रोल बऱ्यापैकी चांगले असताना वाटीतले मेलेले असू शकते, आणि इंजिनाला पहिला घोट मिळतो तो वाटीतला. कार्बोरेटरची गाडी महिना-दीड महिना उभी असेल तर किकला पाय लावण्याआधी वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून ते पेट्रोल एखाद्या काचेच्या बाटलीत काढावे, स्क्रू आवळावा, आणि कॉक उघडून वाटी ताज्या पेट्रोलने भरू द्यावी. पुष्कळ गाड्यांचे दुखणे एवढ्यावरच संपते. काढलेल्या पेट्रोलला नेहमीच्या झणझणीत वासाऐवजी वार्निशसारखा कुबट वास येत असेल आणि रंग चहाकडे झुकला असेल, तर आत थर धरला आहे असे समजावे.

थर धरला की पहिला बळी पायलट जेटचा जातो. पितळेच्या या छोट्या तुकड्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते, आणि गाडी सुरू होताना व आयडलवर असताना पेट्रोल येते ते त्याच्यातून. मेन जेटचे छिद्र मोठे असते, पण त्याची पाळी ॲक्सिलरेटर पिळल्यावर येते. त्यामुळे एक खूण अगदी भरवशाची ठरते: चोक ओढला की गाडी सुरू होते आणि चोक सोडला की मरते. अशा वेळी प्लग, कॉइल, व्हॉल्व्ह यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. पायलट जेट काढून उजेडाकडे धरावा. स्वच्छ जेटमधून टाचणीच्या टोकाएवढा, पण गोल आणि लख्ख उजेडाचा ठिपका दिसतो. ठिपका वाकडा, अंधूक किंवा गायब असेल तर उत्तर हातात आहे. ते छिद्र तारेने कोरण्याचा मोह टाळावा, कारण पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते, आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा एवढे पुरते.

इथे एक रास्त शंका उभी राहते. बॅटरी आणि पेट्रोल यांनाच दोषी धरायचे, तर ठिणगी, कॉम्प्रेशन, हवा यांचे काय? ते सगळे ठीक आहे हे कशावरून? उत्तर असे की ते नुसते मानायचे नाही, सिद्ध करायचे, आणि त्यासाठी इंजिन खोलावे लागत नाही. काही किका मारून झाल्यावर प्लग काढून पाहा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पेटत नाही. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. या एका निरीक्षणाने शंकांची यादी निम्मी होते. प्लग कोरडा असेल तर मेकॅनिक आणखी एक चाचणी करतात. एअर फिल्टरच्या बाजूने आत स्टार्टिंग स्प्रेचा एक अल्पसा फवारा मारून लगेच सेल्फ दाबतात. इंजिन दोन-तीन सेकंद पेटून विझले तर ठिणगी, तिची वेळ, कॉम्प्रेशन आणि हवेची वाट हे चारही एका झटक्यात निर्दोष सुटतात आणि दोष पेट्रोलच्या वाटेवर येऊन ठरतो. घरी करण्याचा हा प्रयोग नव्हे, आगीशी खेळ आहे; पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. प्लग ओला निघाला तर तो पुसून, कोरडा करून, टोपीत बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे आणि किक मारून ठिणगी पाहावी. हे करताना प्लगच्या छिद्रापासून तो दूर हवा, कारण त्या छिद्रातून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी निळसर आणि टणक आली, तर दोष ठिणगीत नाही, पेट्रोल चढले आहे. मग चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, आणि आठ-दहा किका मारून आतली जादा वाफ बाहेर काढायची. पेट्रोल चढण्याचे कारण बहुधा आपणच असतो. शिळ्या पेट्रोलवर, चोक ओढून, पन्नास किका मारल्या की दुसरे काही होणार नसते.

इंजेक्शनच्या गाडीत ही वाटीच नाही. पेट्रोल बंद नळीत, सुमारे तीन बारच्या दाबाखाली असते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत थर धरण्याची भीती बरीच कमी होते. किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. पेट्रोल पंप विजेवर चालतो, इंजेक्टर विजेवर उघडतो, आणि या दोघांना हुकूम देणारा ईसीयू ठराविक व्होल्टेजच्या खाली कामच करत नाही. किल्ली फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो तो पंपाचा. तो आवाज आला नाही, किंवा किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच नाही, तर फ्यूज आणि बॅटरी यांपलीकडे आधी पाहू नये. दिवा लागलेलाच राहिला तर ईसीयूने स्वतःच दोष नोंदवला आहे. तो मेकॅनिकच्या स्कॅनरवर वाचता येतो, अंदाज करत बसण्याची गरज नाही.

जाणकार वाचक इथे जुन्या गाड्यांचा दाखला देतील. सहा महिने गोठ्यात पडलेली गाडी एका किकवर सुरू व्हायची, बॅटरी तर कधीच मेलेली असायची, मग हे बॅटरीपुराण कशासाठी? दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकतो. १९८०-९० च्या दशकांतल्या अनेक छोट्या गाड्यांत ठिणगीची वीज बॅटरीतून येतच नसे. मॅग्नेटोत तिच्यासाठी वेगळी कॉइल असे आणि किक मारली की इंजिन आपली ठिणगी आपणच तयार करी. बॅटरीकडे फक्त हॉर्न आणि इंडिकेटर. कार्बोरेटरला पंप लागत नसे, पेट्रोल टाकीतून वजनानेच उतरे. त्याहून जुन्या, पॉइंटच्या गाड्यांना मात्र उभे राहणे बाधत असेच: पॉइंटच्या तोंडावर हवेने बारीक थर चढे आणि पॉलिश पेपर फिरवल्याशिवाय ठिणगी पडत नसे. म्हणजे जुनी गाडी अधिक चिवट होती असे नाही. ज्या रसायनावर आजची गाडी विसंबून आहे त्यावर ती विसंबून नव्हती. ‘धक्का मारा, सुरू होईल’ हा सल्ला त्याच काळातला. कार्बोरेटरच्या, अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या गाडीला तो आजही लागू पडतो. पूर्ण मेलेल्या बॅटरीच्या इंजेक्शन गाडीला पार्किंगभर ढकलून दम लागतो, बाकी काही होत नाही, कारण पंपच फिरत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरला तर धक्का चालतच नाही. तिचा क्लच इंजिन फिरू लागल्यावरच चाकाला धरतो, चाकाकडून इंजिनाकडे जोर जाण्याची सोय नाही.

दुसरा आक्षेप इथेनॉलचा, आणि हल्ली तोच जास्त ऐकू येतो. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांतून तयार झालेले इथेनॉल आज आपल्या टाकीत पोहोचले आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. इथेनॉल पाणी शोषते हे खरे. मर्यादेपलीकडे पाणी शोषले गेले की पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि पेट्रोल उचलले जाते ते टाकीच्या तळाकडूनच, म्हणून इंजिनाला न जळणारे मिश्रण मिळते, हेही खरे. पण वीस टक्के मिश्रणाची पाणी सामावून घेण्याची ताकद दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त असते, आणि झाकण घट्ट असलेल्या टाकीत नुसत्या दमट हवेतून तेवढे पाणी दोन महिन्यांत जमणे अवघड आहे. आषाढ-श्रावणात उघड्यावर उभ्या असलेल्या, झाकणाचे रबर फाटलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या टाकीत पाणी थेट झिरपते. जेटमध्ये जमणारा चिकट थर तर इथेनॉलचा नसतोच. तो पेट्रोलमधल्या काही हायड्रोकार्बनांचा असतो आणि इथेनॉलच्या आधीपासून जमत आला आहे. जुन्या गाड्यांना इथेनॉल बाधते ते दुसऱ्या वाटेने. टाकीतली जुनी मळी आणि गंज ते सुटा करते आणि जुन्या रबरी नळ्या-सील खराब करते. संशय असेल तर भांडण घालण्यापेक्षा काचेच्या बाटलीत काढलेले पेट्रोल अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करावी. नाही दिसला तर दोष दुसरीकडे शोधावा.

तिसरे म्हणणे सावध माणसांचे: आम्ही दर रविवारी पाच मिनिटे गाडी सुरू करून ठेवतो, मग हे प्रश्न येतच नाहीत. हे निम्मे बरोबर आहे. वाटीतले पेट्रोल बदलते, पंप फिरतो, सील ओले राहतात. पण बॅटरीचा हिशेब करून पाहा. सेल्फने पन्नास ॲम्पिअर तीन सेकंद ओढले असे समजू. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना बंद करता येत नाही. आयडलवर तो आणि इतर खर्च वजा जाता बॅटरीकडे अर्धा ॲम्पिअर आला, तर खर्च झालेले भरून यायला बरोबर पाच मिनिटे लागतात. उधारी फिटली, शिल्लक शून्य. आणि सुरू व्हायला तीनदा सेल्फ मारावा लागला तर दर रविवारी थोडी तूट. त्याहून वाईट गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळले की रासायनिक हिशेबाने साधारण एक लिटर पाणी तयार होते. रोजच्या धावेत ते वाफ होऊन बाहेर पडते. पाच मिनिटांत सायलेन्सर आणि इंजिन इतके तापतच नाहीत, ते पाणी आतच जमते, काही ऑइलमध्येही उतरते. सायलेन्सर आतून कुजण्याचा हा राजमार्ग आहे. करायचेच असेल तर पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे गाडी रस्त्यावर चालवावी. नाहीतर तिला शांत उभी राहू द्यावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी.

माझ्या विधानाला अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. उभ्या गाडीचे आणखी एक वैर असते, ते जिवंत प्राण्यांशी. उंदीर वायरिंगचे आवरण कुरतडतात, एअर फिल्टरच्या पेटीत चिंध्या-कागदाचे घर करतात. कुंभारीण माशी बारीक नळ्यांच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घरटे लिंपते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तर आत पोकळी धरून पेट्रोल उतरतच नाही. झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येऊन गाडी सुरू झाली तर कारण कळले. वर्षानुवर्षे कोकणात दमट जागी पडलेल्या गाडीचा पिस्टन सिलिंडरला गंजाने धरू शकतो, आणि तिथे मात्र माझे रसायन यंत्राच्या हद्दीत शिरते. म्हणून दीर्घकाळ उभ्या गाडीला पहिली किक किल्ली बंद ठेवून, हाताने दाबावी तशी सावकाश द्यावी. किक नसेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी हलकेच पुढे-मागे ढकलावी. इंजिन फिरले तर दोन-चार वेळा तसेच फिरवून सिलिंडरच्या भिंतींना ऑइल लागू द्यावे. अडकले तर जोर करू नये, तिथे घरचा प्रयत्न संपतो. आणखी एक फसगत अशी की दोष नेहमी एकच असतो असे नाही. बॅटरी आणि वाटीतले पेट्रोल एकाच काळात जातात. नवी बॅटरी टाकूनही गाडी सुरू झाली नाही, तर ‘म्हणजे बॅटरीचा प्रश्न नव्हता’ असे म्हणणे चूक. बॅटरीचाही होता, आता पेट्रोलचा उरला आहे.

हे सगळे मेकॅनिकलाच करू द्यावे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात गैर काही नाही. पण गॅरेजात एकाच वेळी प्लग बदलतात, कार्बोरेटर साफ होतो, बॅटरी चार्जिंगला जाते, आणि गाडी सुरू झाली की नेमके काय गेले होते हे कोणालाच कळत नाही. पुढच्या खेपेला तेच बिल पुन्हा. मेकॅनिकला ‘सुरू होत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी किती दिवस उभी होती, उघड्यावर की छपराखाली, उभी केली तेव्हा कशी चालत होती, किल्ली फिरवल्यावर पंपाचा आवाज येतो का, प्लग ओला निघाला की कोरडा, एवढे सांगितले तर चांगला मेकॅनिक निम्मे काम तिथेच उरकतो. म्हणून परगावी किंवा परदेशी जाताना गाडी उभी कराल, तेव्हा टाकी भरा, कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपू द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, हवा खेळेल असे कापडी कव्हर घाला. आणि एका चिठ्ठीवर उभी केल्याची तारीख, शेवटचे पेट्रोल कधी भरले ते, आणि बॅटरीचा त्या दिवशीचा व्होल्ट लिहून ती सीटखाली ठेवा.